मैदानाचा कारभारी : सय्यद अब्दुल रहीम

जाकार्ताच्या मैदानावर ४ सप्टेंबर १९६२ रोजी सुमारे एक लाख प्रेक्षक जमले होते आणि त्यांतील बहुतेक भारताच्या विरोधात ओरडत होते. आशियाई क्रीडा स्पर्धेतील फुटबॉलचा तो अंतिम सामना होता. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. त्यावर भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतल्याने शहरात भारताविरुद्ध संतापाची लाट उसळली होती. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला होता. अशा वातावरणात दक्षिण कोरियासारख्या बलाढ्य संघाला भारताने २-१ असे हरवले आणि सुवर्णपदक पटकावले. मैदानाच्या कडेला बसलेले ५३ वर्षांचे प्रशिक्षक तेव्हा आजाराने खंगलेले होते. पुढच्या नऊ महिन्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे नाव. फुटबॉलच्या जगात ते रहीमसाहेब म्हणूनच ओळखले जात.

नांदेड, लातूरच्या वाचकाला हे नाव परके वाटू नये, याला इतिहासाचे कारण आहे. रहीमसाहेबांची उमेदीची सर्व वर्षे ज्या हैदराबाद राज्यात गेली, त्याच राज्याचा मराठवाडा हा एक भाग होता. नांदेड हा त्या राज्यातील जिल्हा होता, तर लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. कचेरीची भाषा उर्दू होती आणि उच्च शिक्षणासाठी मराठवाड्यातील मुले हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात जात. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९५८ साल उजाडावे लागले. त्यामुळे हैदराबादच्या त्या सुवर्णकाळाचा वारसा आज तेलंगणाच्या खात्यावर मांडला जात असला, तरी त्याची पाळेमुळे रुजली तेव्हा राज्य एकच होते.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादमध्ये झाला. उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना ते विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळले. पुढे त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि शारीरिक शिक्षणाची पदविकाही मिळवली. शहरातील वेगवेगळ्या शाळांत त्यांनी अध्यापन केले. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द फार मोठी नव्हती. मात्र वर्गावर शिकवताना लागलेली एक सवय आयुष्यभर त्यांच्या कामी आली. मुलाला नेमके काय येत नाही ते आधी ओळखायचे आणि तेवढ्याचाच सराव त्याच्याकडून करून घ्यायचा.

१९४० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांच्याकडे हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिवपद आले आणि ते मृत्यूपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. हा कारभार मानाचा असला तरी मिळकतीचा नव्हता. तरीही या पदाचे मोल त्यांनी ओळखले. प्रशिक्षकाच्या हाती फक्त समोर आलेले अकरा खेळाडू असतात. सचिवाच्या हाती स्पर्धांची आखणी असते. रहीमसाहेबांनी स्पर्धांनाच शिकवणीचे रूप दिले. खेळाडूने केवळ आपल्या कमजोर पायाने चेंडू मारावा, अशा अटीवर सामने भरवले. चेंडू पायाशी न घोळवता एका स्पर्शात पुढे द्यावा, असा नियम घालून स्पर्धा घेतल्या. ठराविक उंचीपर्यंतच्या मुलांसाठी वेगळ्या स्पर्धा ठेवल्या. त्यामुळे अंगाने लहान पण चपळ मुलांना मैदान मिळाले. दोन्ही पायांनी खेळणारी आणि झटपट पास देणारी हैदराबादी शैली अशा साध्या नियमांतून तयार झाली.

१९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले. या घटनेचा काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन जेमतेम दोन वर्षे लोटली होती. निजामाचे पोलीस म्हटले, की मराठवाड्यातील गावोगावच्या माणसांना मुक्तिसंग्रामातील लाठ्या आणि तुरुंग आठवत. त्याच पोलीस खात्याच्या नावाचा फुटबॉल संघ आता स्वतंत्र भारताच्या मैदानांवर उतरला आणि प्रेक्षकांच्या कौतुकाचा विषय झाला.

१८९१ मध्ये सुरू झालेली मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा देशातील सर्वांत प्रतिष्ठेच्या स्पर्धांपैकी एक होती. दीर्घकाळ तिच्यावर ब्रिटिश पलटणींचे वर्चस्व राहिले. बंगलोर मुस्लिम्स या संघाने १९३७ मध्ये ते प्रथम मोडून काढले. हैदराबाद पोलिसांनी १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे हा चषक जिंकला. कूपरेज मैदानावर येणाऱ्या मुंबईकरांना या संघाचा खेळ चांगलाच परिचयाचा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये पुन्हा सुरू झालेल्या ड्युरंड चषकावरही याच संघाने मोहनबागानला नमवून नाव कोरले. १९५४, १९५७ आणि १९६१ मध्ये तोच चषक पुन्हा या संघाकडे आला. कोलकात्याच्या मातब्बर क्लबांकडे पैसा आणि प्रेक्षक दोन्ही होते. हैदराबादी खेळाडूला मिळे ती पोलीस खात्यातील नोकरी आणि रहीमसाहेबांची तालीम.

त्यांची नजर मात्र पोलीस खात्यापुरती मर्यादित नव्हती. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील तुलसीदास बलराम हा गरीब घरातील मुलगा त्यांनी हेरला. सरावाला यायला त्याच्याकडे साधन नव्हते. रहीमसाहेबांनी त्याला सायकलच्या भाड्याचे पैसे दिले. हाच मुलगा पुढे दोन ऑलिम्पिक स्पर्धांत खेळला आणि भारताच्या सर्वोत्तम आघाडीपटूंत गणला गेला.

राष्ट्रीय संघाची धुरा त्यांच्याकडे आल्यावर पहिले यश लगेच मिळाले. १९५१ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या गोलामुळे भारताने इराणला १-० असे हरवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. थंड हवेत आणि ओलसर मैदानावर बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळले होते. या मानहानीनंतर देशात बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. रहीमसाहेबांनी त्यापलीकडचा धडाही घेतला. भारतातील संघ तेव्हा दोन बचावपटू, तीन मधले आणि पाच आघाडीपटू या जुन्या रचनेला चिकटून होते. १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असे हरवून त्या ठोकळेबाज फुटबॉलचे दिवस सरल्याचे दाखवून दिले. रहीमसाहेबांनी हे बदल बारकाईने अभ्यासले, बचावफळी भक्कम केली आणि आघाडीच्या खेळाडूला मागे खेचून खेळवण्याची पद्धत आपल्या खेळाडूंच्या अंगी बाणवली.

त्याचे फळ १९५६ मध्ये मिळाले. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्य नकाशावरून नाहीसे झाले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्र प्रदेशात आणि कानडी जिल्हे म्हैसूरमध्ये गेले. बरोबर महिन्याने, १ डिसेंबर रोजी, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे पराभूत केले. मूळचे गोमंतकीय आणि मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेले नेव्हिल डिसूझा यांनी त्या सामन्यात तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये अशी हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपांत्य फेरी गाठणारा भारत हाही पहिलाच आशियाई संघ होता. तेथे युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल भारताचा होता. सामना मात्र १-४ असा गेला. बल्गेरियाकडून ०-३ अशी हार पत्करावी लागल्याने चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. भारतीय फुटबॉलची ऑलिम्पिकमधील ही आजवरची सर्वोच्च झेप आहे.

राज्य विसर्जित झाले तरी हैदराबाद हे नाव मैदानावर आणखी काही काळ टिकले. १९५६ आणि १९५७ च्या हंगामांत संतोष करंडक हैदराबादने जिंकला आणि दोन्ही वेळा अंतिम फेरीत हरला तो मुंबईचा संघ. मराठवाडा ज्या राज्यात नुकताच आला होता त्याच्या राजधानीला, तो ज्या राज्यातून आला होता त्याच्या राजधानीने हरवले होते. पुढे पोलीस संघाचे नावही आंध्र पोलीस झाले. माणसे, मैदान आणि मास्तर तेच राहिले.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये भारताचा गट कठीण होता. हंगेरीकडून १-२ असा निसटता पराभव झाला, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली आणि पेरूने ३-१ असे हरवले. रहीमसाहेबांचे पुत्र एस. एस. हकीम हेही त्या चमूत होते. त्यानंतर आजतागायत भारताला ऑलिम्पिक फुटबॉलची पात्रता मिळवता आलेली नाही.

जाकार्ताची मोहीम मग त्यांच्या आयुष्याचे सार ठरली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. थायलंड आणि जपान यांच्यावर विजय मिळाले, पण बचावाचा आधारस्तंभ असलेल्या जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. अशा खेळाडूला बाहेर बसवणे हा सोपा मार्ग होता. रहीमसाहेबांनी त्यांना आघाडीवर खेळवले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध जर्नेलसिंग यांनी गोल केला आणि भारत ३-२ असा जिंकला. अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जी यांनी पहिला आणि जर्नेलसिंग यांनी दुसरा गोल केला. आजारातून उठलेले पीटर थंगराज गोलरक्षणासाठी उभे होते आणि कर्णधार होते चुनी गोस्वामी. मूळचे गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रँको यांचाही त्या संघात समावेश होता. देशाच्या चार कोपऱ्यांतून आलेल्या या मंडळींना एका सूत्रात बांधणारा माणूस स्वतःच्या शरीराशी झगडत होता, हे त्या जल्लोषात फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही.

११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब गेले. संघनिवड, स्पर्धांची आखणी, तालीम आणि खेळाडूंची देखभाल हे सारे एका व्यक्तीच्या खांद्यावर उभे होते. हेच त्यांच्या कारभाराचे बळ होते आणि हीच त्याची मर्यादाही ठरली. त्यांच्या तालमीचा प्रभाव काही वर्षे टिकला; १९६५ मध्ये आंध्र प्रदेशने संतोष करंडक पुन्हा जिंकला. नंतर मात्र हैदराबादच्या फुटबॉलला ओहोटी लागली. त्यांच्या सरावपद्धतींना संस्थेचे रूप मिळाले नाही. आशियाई स्पर्धेत भारताला १९७० मध्ये कांस्यपदक मिळाले, त्यानंतर फुटबॉलचे एकही पदक आले नाही. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला, तोवर रहीमसाहेबांना जाऊन २२ वर्षे झाली होती. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावरील ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि अनेक तरुणांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले.

मराठवाड्यात दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. शाळाशाळांतून ध्वजवंदन होते आणि हैदराबाद राज्याचा इतिहास मुलांना सांगितला जातो. त्या इतिहासात अन्याय आहे, संघर्ष आहे आणि बलिदानही आहे. त्या दिवसाच्या तेरा दिवस आधी जाकार्ताच्या विजयाची तारीख येते. त्याच राज्यातील एका शाळामास्तराने मुलांना कमजोर पायाने चेंडू मारायला लावून देशाला आशियाचे विजेतेपद मिळवून दिले, ही गोष्टही त्या इतिहासाचाच भाग आहे.