मोहम्मद मोसादेघ : इराणच्या तेलहक्काचे शिल्पकार

इराणमध्ये दरवर्षी नवरोजच्या तोंडावर, पर्शियन पंचांगातील इस्फंद महिन्याच्या २९ तारखेला, राष्ट्रीय सुटी असते. २० मार्च १९५१ रोजी, याच तिथीला, इराणच्या सिनेटने तेल उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाला मंजुरी दिली होती. या निर्णयाचे प्रणेते डॉ. मोहम्मद मोसादेघ यांच्या आयुष्याची अखेर मात्र नजरकैदेत झाली.

१८८२ मध्ये जन्मलेल्या मोसादेघ यांचे वडील अर्थखात्यातील उच्चाधिकारी होते, तर आई सत्ताधारी काजार राजघराण्यातील होत्या. पॅरिस येथे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल विद्यापीठातून कायद्याची डॉक्टरेट मिळवली. १९२५ मध्ये रझा खान यांना राजमुकुट देण्याचा प्रस्ताव मजलिस या इराणी संसदेपुढे आला, तेव्हा त्यांनी त्याला उघड विरोध केला. राजपद आणि कार्यकारी सत्ता एकाच व्यक्तीच्या हाती जाणे राज्यघटनेला धरून नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढे त्यांना राजकारणापासून दूर राहावे लागले आणि १९४० मध्ये तुरुंगवासही घडला. रझा शाह यांच्या पदत्यागानंतर १९४४ मध्ये ते तेहरानमधून पुन्हा मजलिसवर निवडून आले.

तेलाचा प्रश्न तोवर चिघळला होता. १९०१ मध्ये विल्यम नॉक्स डार्सी यांना ६० वर्षांची सवलत देण्यात आली होती. त्या बदल्यात इराणला नफ्यातील १६ टक्के वाटा मिळणार होता. १९०८ मध्ये मस्जिद सुलेमान येथे तेल सापडले आणि १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने तेल कंपनीतील बहुसंख्य भागभांडवल विकत घेतले. १९३३ च्या करारान्वये सवलतीची मुदत १९९३ पर्यंत वाढली. आबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना जगातील सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी एक होता. मात्र १९४० च्या दशकाच्या अखेरीस इराणला मिळणाऱ्या स्वामित्वधनापेक्षा ब्रिटिश सरकारला कंपनीकडून मिळणारा कर अधिक होता. डिसेंबर १९५० मध्ये शेजारच्या सौदी अरेबियाला नफ्यात निम्मा वाटा मिळाल्यावर इराणमधील असंतोष अधिकच वाढला.

राष्ट्रीयीकरणाचा निर्णय झाल्यानंतर एप्रिल १९५१ मध्ये मोसादेघ पंतप्रधान झाले. कायद्याने तेल इराणचे झाले, तरी तंत्रज्ञ, टँकर आणि बाजारपेठ परकीयांच्याच हाती राहिली. ब्रिटनने तंत्रज्ञ माघारी बोलावले आणि इराणी तेलावर बहिष्कार टाकला. निर्यात जवळजवळ ठप्प होऊन सरकारी तिजोरीवर मोठा ताण आला. मोसादेघ यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात स्वतः उपस्थित राहून देशाची बाजू मांडली. जुलै १९५२ मध्ये या वादाची सुनावणी आपल्या अधिकारकक्षेत येत नसल्याचा निर्वाळा न्यायालयाने दिला. इराणच्या दृष्टीने तो मोठा विजय होता.

देशांतर्गत परिस्थिती मात्र बिकट होत गेली. जवळचे सहकारी दुरावले. ऑगस्ट १९५३ मध्ये सार्वमत घेऊन मजलिस बरखास्त करण्याच्या निर्णयामुळे मोसादेघ यांच्यावर टीकाही झाली. त्याच महिन्याच्या १९ तारखेला अमेरिकी आणि ब्रिटिश गुप्तचर संस्थांच्या पाठबळाने झालेल्या उठावात त्यांचे सरकार उलथवण्यात आले. या उठावातील आपला सहभाग दाखवणारी कागदपत्रे सीआयएने २०१३ मध्ये खुली केली.

लष्करी न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा ठोठावली. १९५४ मध्ये परदेशी कंपन्यांच्या समूहाशी नवा करार झाला. तेलाची मालकी कागदोपत्री इराणकडेच राहिली, पण उत्पादन आणि विक्रीची सूत्रे त्या समूहाकडे गेली. त्यात ४० टक्के वाटा जुन्या ब्रिटिश कंपनीचा आणि तेवढाच अमेरिकी कंपन्यांचा होता.

शिक्षा भोगून झाल्यावर मोसादेघ यांना तेहरानच्या पश्चिमेकडील अहमदाबाद या गावातील घरी नजरकैदेत ठेवण्यात आले. ५ मार्च १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. १९५२ मध्ये त्यांच्या समर्थनार्थ प्राण गमावलेल्या आंदोलकांशेजारी दफन व्हावे, ही त्यांची इच्छा नाकारण्यात आली आणि राहत्या घरातच त्यांचे दफन झाले. राजवट कोसळल्यानंतर, ५ मार्च १९७९ रोजी, त्यांच्या पुण्यतिथीला याच गावात प्रचंड जनसमुदाय लोटला होता.