पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल, १८५८ – ५ एप्रिल, १९२२) या संस्कृत विदुषी, लेखिका आणि शारदा सदन व मुक्ती मिशन या संस्थांच्या संस्थापक होत्या. त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि धर्मांतराविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने संस्थेची आखणी करण्याची त्यांची हातोटी दुर्लक्षित राहिली.

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी मोडून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले आणि रमाबाई आईकडून शिकल्या. तीर्थाटन करीत पुराणे सांगणाऱ्या या कुटुंबातील आई, वडील व बहीण दुष्काळाच्या काळात निवर्तले. १८७८ साली बंधू श्रीनिवास यांच्यासह त्या कोलकात्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला, परंतु १८८२ मध्ये पतीचे निधन झाले. कन्या मनोरमा तेव्हा तान्ही होती.

त्याच वर्षी पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथील वास्तव्यात त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि व्याख्याने दिली. त्यातून बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन उभी राहिली. या मंडळाने नियोजित विधवागृहास दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले.

११ मार्च, १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. गोदूबाई नातू (नंतरच्या आनंदीबाई कर्वे) या तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत. पुढील वर्षी सदन पुण्यास हलविण्यात आले. संस्थेची बळस्थाने स्पष्ट होती: संस्थापिकेचे पांडित्य, वैधव्याचा स्वानुभव आणि परदेशातील स्नेही. उणिवाही तितक्याच उघड होत्या. पैसा बाहेरून येत असे व त्याला मुदत होती. शिवाय संस्थापिका ख्रिस्ती असल्याने पालकांचा विश्वास केव्हाही डळमळू शकत असे, आणि १८९३ मध्ये तो डळमळलाच. मुलींवर धर्मप्रभाव पडतो या आक्षेपावरून न्या. महादेव गोविंद रानडे, रा. गो. भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली परत नेल्या. हा आक्षेप सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येत नाही.

दहा वर्षांची मुदत संपण्यापूर्वीच रमाबाईंनी उत्पन्नाची सोय शोधली. आताच्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे, पुणे–दौंड लोहमार्गालगत, त्यांनी जमीन घेतली. फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालवावे, असा मूळ बेत होता. हा भाग अवर्षणप्रवण असल्याने विहिरी खोदणे क्रमप्राप्त होते. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग पसरला आणि इतक्या जणींना शहरात ठेवणे अशक्य झाले. बागेसाठी घेतलेली जमीन अशा वेळी आश्रयस्थान ठरली. मुक्ती मिशनचा विस्तार तेथेच झाला. १८९८ मध्ये अमेरिकेस जाऊन त्यांनी मदतीची पुनर्रचना करून घेतली. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर केडगाव येथील स्त्रिया व मुलांची संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली.

एवढ्या लोकांना केवळ देणग्यांवर पोसणे धोक्याचे होते. शेती, दुग्धालय, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा आणि छापखाना ही कामे स्त्रियाच करू लागल्या. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, तसेच अंध मुलींच्या शिक्षणाचीही व्यवस्था होती. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्याची जुळणी व छपाई याच छापखान्यात झाली.

१९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले. कार्याची सूत्रे मनोरमा यांच्याकडे जावीत अशी योजना होती, परंतु जुलै १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले. नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल, १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईही निवर्तल्या. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्ती मिशनचे कार्य केडगाव येथे आजही चालू आहे.