गाठीच्या तुकड्याचे मोल जाणणारे डॉ. खानोलकर

जठराच्या कर्करोगाचे दोन रुग्ण. वय सारखे, आजाराचा टप्पा सारखा, औषधेही तीच. एकाची गाठ काही महिन्यांत आक्रसते, दुसऱ्याची वाढतच राहते. असे का होते, याचे उत्तर बऱ्याचदा तपासणीसाठी काढलेल्या गाठीच्या तुकड्यात असते. तो तुकडा जपायचा, नीट वाचायचा आणि मगच उपचार ठरवायचे, ही शिस्त आपल्याकडे रुजवणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव आघाडीवर आहे.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५चा. लंडन विद्यापीठातून त्यांनी १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात, म्हणजे पॅथॉलॉजीत, एम.डी. केले. परत आल्यावर मुंबईच्या ग्रँट आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयांत ते शिकवू लागले. पॅथॉलॉजिस्टची गाठ रुग्णाशी क्वचितच पडते, रुग्णाला त्याचे नावही ठाऊक नसते. पण गाठ साधी की कर्करोगाची, याचा निवाडा त्याच्याच सूक्ष्मदर्शकाखाली होतो.

१९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधनाची धुरा खानोलकरांकडे आली. देशभरातून येणाऱ्या रुग्णांच्या गाठी तपासताना ते केवळ रोगाचे नाव लिहून थांबले नाहीत. हा माणूस काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, हेही ते विचारू लागले. कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणातून तिथल्या त्वचेला होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये केले. ‘धोतराचा कर्करोग’ हे नाव वैद्यकाच्या पुस्तकांत आजही सापडते.

पुढे एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासोबत त्यांनी तंबाखूकडे मोर्चा वळवला. तोंड, घसा आणि अन्ननलिका म्हणजे पचनमार्गाचा वरचा भाग. तिथला कर्करोग आणि तंबाखू चघळण्याची किंवा ओढण्याची सवय यांचा संबंध तपासणारा त्यांचा अभ्यास १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखूच्या धोक्याबद्दल जग नुकतेच सावध होत होते, त्या काळातले हे काम आहे.

माणसामाणसांतला फरक हा त्यांच्या कुतूहलाचा दुसरा विषय. मुंबईतल्या सहा समाजांमधील रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुणांची पाहणी त्यांनी संघवींबरोबर केली होती. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, त्याचे ते संस्थापक संचालक. तिथेच त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी शरीराबाहेर पेशी वाढवून अभ्यासणारी प्रयोगशाळा उभारली. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, पद्मभूषण हे मानही खानोलकरांना मिळाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

खानोलकरांच्या सूक्ष्मदर्शकाला पेशींचा आकार दिसे, त्यांच्या आतली यंत्रणा दिसत नसे. ती आज दिसते. औषध लागू पडेल की नाही, हे आधी सुचवणाऱ्या खुणांना बायोमार्कर म्हणतात. जठराच्या कर्करोगाच्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांमध्ये पेशींवर ‘हर-२’ हे प्रथिन जास्त असते, त्यांना ट्रॅस्टुझुमॅब हे औषध उपयोगी पडू शकते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सुमारे ४० टक्के गाठींत ‘के-रास’ जनुकात बदल आढळतो. अशा गाठीवर सिटुक्सिमॅबसारखी औषधे सहसा चालत नाहीत. म्हणजे ही तपासणी न करता औषध दिले, तर पैसा जातो, त्रास होतो आणि हातची वेळ निसटते.

काही गाठींत डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बिघडलेली असते. अशा गाठींवर प्रतिकारशक्तीला जागे करणारी औषधे चांगली चालतात. २०२२ मध्ये न्यूयॉर्कमधील एका छोट्या अभ्यासात गुदाशयाचा असा कर्करोग असलेल्या पहिल्या १२ रुग्णांची गाठ केवळ औषधाने दिसेनाशी झाली; शस्त्रक्रिया वा किरणोपचार करावे लागले नाहीत. मात्र अशा गाठी थोड्यांच असतात, म्हणून त्या शोधाव्या लागतात. आणि खूण सापडली तरी ती खात्री नसते. ती शक्यता सांगते.

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात येणाऱ्या मराठवाड्यातील कुटुंबांनी यातून एवढे लक्षात ठेवावे. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. रुग्णालय बदलताना कागदी अहवालाबरोबर ब्लॉक आणि काचपट्ट्याही मागून घ्याव्यात, उन्हात तापू देऊ नयेत. आजार पसरलेला असेल, तर उपचार सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे: या गाठीसाठी कोणती बायोमार्कर तपासणी लागू आहे? तिचा निकाल आल्यावर औषध बदलेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर महागड्या तपासणीचा खर्च टाळता येतो. ‘हो’ असेल, तर ब्लॉकमधला तो नखाएवढा तुकडा पुन्हा बायोप्सी करण्याची वेदनाही वाचवू शकतो.