विश्लेषण : स्तनाचा कर्करोग कुणाला आणि का होतो? कमल रणदिवे यांनी काय शोधले?

किनवट : अमक्याच्या आईला टाटाला नेले, एवढे कानावर आले की आपल्याकडे आजाराचे नाव विचारावे लागत नाही. फाइल घेऊन नंदीग्राम एक्स्प्रेसमध्ये बसलेल्या बाईच्या डोक्यात मात्र वेगळेच चालू असते. हे मलाच का झाले? आईला होते म्हणून? आता मुलीलाही होईल का? परळला टाटा रुग्णालयाला लागूनच असलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी अनेक दशके याच प्रश्नांवर काम केले.

कोण होत्या त्या?

जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. माहेरचे आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागेत शिकलेल्या कमल यांनी यातले काहीच केले नाही. त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले आणि १९३९ मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी लग्न केले. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एमएस्सी केले. विषय होता सीताफळाच्या कुळातील झाडांची गुणसूत्रे!

लग्नानंतर मुंबईत आल्यावर त्यांनी डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएचडी मिळवली. पुढे फेलोशिपवर त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी शरीराबाहेर सतत वाढत ठेवण्यात यश आले, ते याच प्रयोगशाळेत. पेशी वाढवण्याचे तंत्र शिकून रणदिवे मुंबईला परतल्या आणि त्यांनी इथे तशी प्रयोगशाळा उभारली. ती देशातली पहिली मानली जाते.

शोधनिबंधांत काय आहे?

त्यांच्या नावावर २०० हून अधिक शोधनिबंध आहेत. त्यातला मोठा भाग उंदरांवरचा आहे. अनुवंश, संप्रेरके (हार्मोन) आणि विषाणू या तिघांचा स्तनाच्या गाठींशी संबंध कसा, हा त्यांचा मुख्य विषय. इंजिनीअरिंग केलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. तिन्ही इनपुट एकदम बदलले तर बिघाड कशामुळे झाला ते कळत नाही. दोन स्थिर ठेवून एकच बदलावा लागतो. माणसांत हे शक्य नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुळात वाढवलेल्या उंदरांत शक्य आहे. त्यांच्या संस्थेच्या नावाने उंदरांचा एक वाणच ओळखला जातो.

इथे एक दुरुस्ती. स्तनाचा कर्करोग आणि अनुवंश यांचा संबंध जगात प्रथम रणदिवेंनीच मांडला, असे मोबाइलवर फिरणाऱ्या काही मजकुरांत असते. ते खरे नाही. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्येच पत्नीच्या घराण्यातील अशा रुग्णांची नोंद केली होती. रणदिवेंचे काम त्या संबंधामागची यंत्रणा तपासण्याचे होते. बीआरसीए-१ हे जनुक सापडले १९९४ मध्ये, म्हणजे त्या निवृत्त झाल्यावर.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे. काही जातींच्या उंदरांत हा विषाणू आईच्या दुधातून पिलांत जातो. त्यावरून कुणी बाळाला पाजणे थांबवू नये. माणसांत दुधातून असा कर्करोग पसरत असल्याचे सिद्ध झालेले नाही. उलट २००२ मध्ये ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दर १२ महिन्यांच्या स्तनपानामागे आईचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटलेला दिसला.

खर्ऱ्याशी काय संबंध?

थेट आहे. सुपारी आणि विड्यातल्या इतर घटकांचा परिणाम त्यांच्या गटाने हॅमस्टर या छोट्या प्राण्याच्या गालाच्या पिशवीवर तपासला. हा निबंध १९७९ चा. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही माणसात कर्करोग घडवते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००३ मध्ये जाहीर केले. आपल्या पानठेल्यांवर खर्रा घोटताना अजूनही फक्त तंबाखूलाच दोष दिला जातो.

पुढे काय झाले?

१९६६ ते १९७० त्या केंद्राच्या संचालक होत्या. कुष्ठरोगाच्या जिवाणूवरील काम समांतर चालूच होते. त्या संस्थेत वेगळ्या केलेल्या जिवाणूपासून पुढे लस तयार झाली आणि दक्षिण भारतात तिची मोठी चाचणी झाली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

१९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. तिच्यामार्फत त्या नगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाकडे आणि खेड्यातल्या बायकांच्या आरोग्याकडे वळल्या. चरित्रांत हा भाग दोन ओळींत उरकतात. किनवटसारख्या आदिवासी तालुक्यातून पाहिले तर प्रयोगशाळेतून थेट वाडीवर जाणे ही छोटी गोष्ट वाटत नाही.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या १०४ व्या जयंतीला, ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, गूगलने त्यांचे डूडल केले. संघटनेचे मुख्य केंद्र वाशीला आहे.