रेव्हरंड ना. वा. टिळक : ख्रिस्तप्रेम अभंगात गाणारा कवी



टिळक हे नाव वर्गात घेतलं की मुलं लगेच लोकमान्य टिळक म्हणून मोकळी होतात. त्यात त्यांची चूक नाही. पण मराठीत आणखी एक टिळक होऊन गेले, नारायण वामन टिळक. त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात. शिकाऱ्याने जखमी केलेली पक्षीण पडत धडपडत आपल्या पिलांकडे जाते, ती 'केवढे हे क्रौर्य' ही कविता तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या आईवडिलांना किंवा आजीआजोबांना अजून तोंडपाठ असेल. ती याच टिळकांची.

आजच्या पाठात त्यांचं चरित्र थोडक्यात पाहू. चरित्र म्हणजे नुसती सनावळी नव्हे. देवावर प्रेम आहे असं म्हणणारा माणूस शेजारच्या माणसाशी कसा वागतो, आणि ते प्रेम तो कोणत्या भाषेत, कोणत्या चालीत गातो, हे दोन प्रश्न मनात ठेवून वाचा.

बालपण आणि भटकंती

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगाव इथे झाला. घर चित्पावन ब्राह्मणाचे. आई जानकीबाई प्रेमळ, गाण्याची आवड असलेली. वडील कडक आणि तापट स्वभावाचे. आई लवकर गेली आणि मुलाचं घरातलं मन उडालं. तो घर सोडून नाशिकला आला. तिथे संस्कृत शिकला, थोडं इंग्रजी शिकला आणि कविता करू लागला.

१८८० साली जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. याच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. लग्नाच्या वेळी त्या अकरा-बारा वर्षांच्या. टिळक मात्र एका जागी टिकणारे नव्हते. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी पुराणिक. आज या गावी, उद्या त्या गावी. पैसा हातात आला की कोणा गरजवंताला देऊन टाकायचा, घरात पीठ आहे की नाही हे बघायचंच नाही, असा स्वभाव. पुढे नागपूरला बुटी या धनिकांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचं काम केलं, 'ऋषी' नावाचं मासिकही चालवलं.

या सगळ्या काळात एक विचार त्यांचा पिच्छा सोडत नव्हता. आपला देश जातीपातींनी तुटलेला आहे. माणसाला माणूस शिवून घेत नाही. मग देव एक आहे असं नुसतं म्हणण्याला अर्थ काय?

आगगाडीतली भेट

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचायला घेतला आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले. शत्रूवरही प्रेम करा, दान केलं तर गाजावाजा करू नका, असं सांगणारा तो भाग. जे शोधत होतो ते इथे आहे, असं त्यांना वाटलं. दोन वर्षं मनाशी झगडून १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे जरा थांबा. १८९५ साली ब्राह्मण घरातल्या कर्त्या पुरुषाने धर्म बदलला, म्हणजे त्याच्या बायकोचं काय झालं असेल? लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. लहानगा दत्तू पदरात. नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढायचे आणि लोकांची बोलणी ऐकायची. सगळ्यांवर प्रेम करा असं ज्याने पुस्तकात वाचलं, त्याच्या त्या निर्णयाची सगळ्यात मोठी किंमत त्याच्याच बायकोने मोजली. चरित्र शिकवताना ही गोष्ट झाकू नये. मोठ्या माणसांच्या मोठेपणाचं बिल पुष्कळदा घरातल्या बाईने भरलेलं असतं, हे मुलांनाही कळू द्या.

टिळकांनी बायकोला सोडून दिलं नाही, हेही तितकंच खरं. ते पत्रं लिहीत राहिले, वाट बघत राहिले, पण धर्म बदल म्हणून जबरदस्ती केली नाही. चार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) त्यांच्याकडे राहायला आल्या, त्याही आपलं सोवळं सांभाळून. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी ते चालू दिलं. मग राहुरीच्या एका प्रवासात लक्ष्मीबाईंनीच आपल्याशी विचार केला, की पशुपक्ष्यांत देवाने जाती केल्या तशा माणसांत कुठे दिसतात? ही तर माणसांचीच करणी! त्या दिवसापासून त्या कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. पुढे त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने थांबायची तयारी ठेवली म्हणून बायकोला आपल्या पायांनी चालत येता आलं.

चर्चमधली गाणी आणि मराठी कान

आता संगीताकडे वळू. टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षण विद्यालयात शिकवू लागले. त्या काळी मराठी चर्चमध्ये बरीच गाणी इंग्रजी गीतांची भाषांतरं होती. चाल परदेशी आणि शब्द मराठी. आपण शिक्षक आहोत, त्यामुळे अडचण लगेच लक्षात येईल. चाल आधी ठरलेली असली की शब्द तिच्यात कोंबावे लागतात. ऱ्हस्व अक्षर लांबतं, दीर्घ आखडतं, वाक्य भलत्याच ठिकाणी तुटतं. गाणाऱ्याला सूर सापडला तरी अर्थ हाताला लागत नाही. खेड्यातून आलेल्या, जात्यावरची ओवी आणि देवळातला अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला ते गाणं पाहुण्यांच्या कपड्यासारखं वाटायचं.

नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींत देशी चालींची पदं आणि कीर्तनं टिळकांच्या आधीच सुरू झाली होती. कृष्णराव सांगळे यांनी त्यात मोठं काम केलं होतं. टिळकांनी त्या वाटेला खऱ्या कवीची ताकद दिली. ते ज्ञानेश्वर-तुकारामांवर वाढलेले. ख्रिस्तापर्यंत आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असं ते उघडपणे मानत. त्यामुळे ख्रिस्ती झाल्यावर तुकोबांना सोडायचं त्यांना कारणच नव्हतं. त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, पदं लिहिली. 'अभंगांजलि' हा त्यांच्या ख्रिस्ती अभंगांचा संग्रह प्रसिद्ध आहे. मराठी चर्चमध्ये आजही वापरल्या जाणाऱ्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची गीतं भरपूर आहेत. मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्या कोणालाही विचारा, टिळकांचं एखादं गीत येतच असतं.

अभंगच का? मोठ्या अभंगाचा साचा बघा. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक. ऱ्हस्व-दीर्घाची वृत्तासारखी काटेकोर अट नाही. एक जण म्हणतो, बाकीचे मागून म्हणतात. पुस्तक नको, पेटी नको, टाळ असले तर बरंच, नाहीतर टाळ्या आहेतच. ज्याला वाचता येत नाही तोही दोन-तीनदा ऐकून गाऊ शकतो. मंडळीत सगळे शिकलेले नव्हते, म्हणून ही सोय फार मोलाची होती. गाणं येण्यासाठी शाळेत गेलेलं असण्याची अट राहिली नाही.

शब्दांतही तोच विचार. वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतो. टिळकांच्या गीतांत ख्रिस्त आई होऊन येतो, गुरू होऊन येतो, सखा होऊन येतो. शब्द आपल्या घरातले असल्यामुळे प्रेमही घरातलं वाटतं.

प्रेम गाण्यात आणि दारात

एवढं गोड गाणारा माणूस वागायला कसा होता? टिळकांच्या घराचं दार सताड उघडं असे. अनाथ मुलं, भुकेले, आजारी, कोणीही यावं. दुष्काळाच्या आणि प्लेगच्या त्या वर्षांत अशा माणसांची वाण नव्हती. टिळक कोणालातरी घेऊन यायचे आणि पुढची व्यवस्था लक्ष्मीबाई करायच्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो, पण पैसे नसताना चूल पेटवणं हे काही हसण्यासारखं काम नव्हतं.

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि सगळे थक्क झाले. हेच आपले बालकवी. टिळकांनी या मुलाला आपल्या घरी नेलं, सांभाळलं. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखी माया दिली. ठोंबरे हिंदूच राहिले. जेवणाच्या ताटावर किंवा कवितेच्या वहीवर धर्माची अट नव्हती. मुलांना 'औदुंबर' शिकवताना ही गोष्ट जरूर सांगा.

१९१२ पासून टिळक 'ज्ञानोदय' या १८४२ साली सुरू झालेल्या नियतकालिकाचा मराठी विभाग सांभाळत होते. आपण ख्रिस्ती झालो म्हणून भारतीयत्व सोडलेलं नाही, हे ते लिहिण्यातून आणि राहणीतून दाखवत. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूवर प्रेम करणारे सगळे तिथे भाऊ-बहीण म्हणून यावेत, अशी कल्पना. पगार गेल्यावर घर कसं चालायचं, ही काळजी पुन्हा लक्ष्मीबाईंच्याच वाट्याला आली.

दरबार नीट उभा राहण्याआधीच प्रकृती ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं. आपल्या देहाचं दफन न करता दहन करावं, अशी त्यांची इच्छा होती. 'ख्रिस्तायन' हे येशूचं ओवीबद्ध चरित्र अपुरं राहिलं. ते लिहून पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. ज्यांनी धड शाळा पाहिली नव्हती, त्यांनी!

वर्गात काय करता येईल?

१. मोठ्या अभंगाची अक्षरं बोटांवर मोजायला लावा. ६-६-६-४ हा साचा मुलांना खेळासारखा येतो. मग त्या साच्यात प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याबद्दल चार चरण रचावेत.

२. वर्गात चर्चला जाणारं, देवळात जाणारं, मशिदीत किंवा विहारात जाणारं मूल असेल, तर प्रत्येकाच्या घरी म्हटलं जाणारं एकेक गीत ऐका. आधी फक्त ऐका, तुलना करू नका.

३. मोठ्या वर्गाला हा प्रश्न द्या : टिळकांनी परक्यांसाठी दार उघडं ठेवलं. त्या घरात लक्ष्मीबाईंचं काम कोणतं होतं, आणि त्याची नोंद कोणी घेतली? उत्तर शोधायला 'स्मृतिचित्रे'तली दोन-चार पानं वाचून दाखवा.

पालकहो, तिसरा प्रश्न घरीही विचारून बघा. उत्तर देताना मूल आधी स्वयंपाकघराकडे बघेल.