बालगंधर्व : जळगावात गाणं शिकलेला नारायण

जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव आहे. दर जानेवारीत त्यांच्या नावाने शहरात संगीत महोत्सवही होतो. बालगंधर्व तर सांगली-पुण्याकडचे, मग आपल्या खानदेशाशी त्यांचा संबंध काय?

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. घराणे सांगली जिल्ह्यातील नागठाण्याचे. लहानपणीच त्यांचा गोड गळा घरच्यांच्या लक्षात आला. मग त्यांना जळगावला आणून मेहबूबखान यांच्याकडे गाणं शिकायला ठेवलं. पुढे भास्करबुवा बखले यांच्यासारखे थोर गुरू लाभले, त्यामुळे मेहबूबखानांचं नाव चरित्रात एका ओळीत आटोपतं. पण पाया घालणाऱ्याचं नाव सुद्धा आपण लक्षात ठेवायला हवं, नाही का? पुण्यात लोकमान्य टिळकांनी या मुलाचं गाणं ऐकलं आणि बालगंधर्व म्हणून त्याचं कौतुक केलं. तेच नाव जन्मभर राहिलं.

कानाला दोष होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मिरजेला उपचार करवले. १९०५ मध्ये नारायण किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले. त्या काळी स्त्रिया रंगभूमीवर सहसा नसत, पुरुषच स्त्रीभूमिका करीत. पण नारायणरावांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू पाहिल्यावर बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसू लागल्या, अंबाड्यावर गजरा माळू लागल्या!

१२ मार्च १९११. मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. खेळ रद्द करता आला असता. तिकिटं काढून बसलेल्या लोकांसाठी ते तोंडाला रंग लावून उभे राहिले, गायले. या वागण्याला कर्तव्य म्हणावं की कठोरपणा, यावर वर्गात चर्चा करून बघा. माझं मत असं की प्रेक्षक म्हणजे मायबाप, ही त्यांची नुसती बोलण्याची पद्धत नव्हती.

१९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ खूप गाजली. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्याबरोबर ‘संयुक्त मानापमान’ झालं. पैसा आला तसा गेलाही. खरे शालू, अत्तरं, भारी पडदे, रोजच्या पंगती! कर्ज डोक्यावर बसलं, पण त्यांनी हात वर केले नाहीत. वर्षानुवर्षं प्रयोग करून ते फेडलं.

पुढे बोलपट आले आणि नाटकांची गर्दी ओसरली. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात, व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली, बालगंधर्व संत एकनाथ झाले. पण लोकांना हवी होती शालूतली भामिनी, दाढीमिशीचे नाथ त्यांना रुचले नाहीत. शिवाय कॅमेऱ्यासमोर समोर बसलेले प्रेक्षक नसतात, वन्समोअर नसतो. ‘साध्वी मीराबाई’त (१९३७) ते मीरा झाले, तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. जे वय रंगमंचावर झाकलं जायचं, ते कॅमेऱ्याने झाकलं नाही. चित्रपटाचा मार्ग तिथेच संपला.

१९३८ मध्ये गायिका गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या. यावरून लोकांनी बरीच टीका केली, जुनी माणसं दुरावली. पण उतारवयात पाय निकामी झाल्यावर त्यांचं सगळं गोहरबाईंनीच केलं. चालता येत नसे तेव्हा नारायणराव बसून भजनं गात. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं, त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात बालगंधर्वांचं निधन झालं.

आज आपल्याला त्यांचं गाणं मिळतं ते ध्वनिमुद्रिकांतून. जळगावला आकाशवाणी केंद्र १९७६ मध्ये सुरू झालं, म्हणजे त्यांच्या निधनानंतर. इथल्या पुढच्या पिढ्यांनी त्यांना पाहिलं नाही, रेडिओवर फक्त ऐकलं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. नाटकात तेच पद वन्समोअर घेत घेत कितीतरी वेळ रंगत असे. तेव्हा ऐकताना घाई करू नका. रेडिओवर ना शालू दिसतो, ना गजरा, ना वय. गाण्यातला शब्द किती स्पष्ट येतो आणि सूर किती अलगद लागतो, तेवढंच ऐका.