डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर

ग्रेसाहेबांचा शरीररचनेवरील ग्रंथ वैद्यक शिकणारास ठाऊक नाहीं असें होत नाहीं. परंतु त्यांतील आकृति ज्यांच्या हातच्या, ते गृहस्थ भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकवीत असत, हें किती वाचकांस माहीत असेल?

कार्टर यांचा जन्म १८३१ सालीं इंग्लंडांत हल येथें, एका चित्रकाराच्या घरीं झाला. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयांत असतां त्यांनीं त्या ग्रंथाचीं चित्रें काढलीं व प्रत्येक भागाचें नांव त्या भागावरच घातलें. शिकविण्याचा गुण त्यांत होता. ग्रंथ १८५८ सालीं निघाला. तत्पूर्वींच ते मुंबईस पोंचले होते. ग्रंथाच्या खपावर ग्रे यांस मोबदला मिळत गेला. कार्टर यांस एकदांच दीडशें पौंड मिळाले, आणि मुखपृष्ठावर नांव, तेंही ग्रे यांच्या सांगण्यावरून, लहान टाइपांत छापलें गेलें. हा अन्यायच होता, असें आम्हांस वाटतें.

येथें मात्र त्यांनीं कामांत कसूर केली नाहीं. साताऱ्यास ते सिव्हिल सर्जन होते. पुढें महारोगाच्या अभ्यासासाठीं नॉर्वेस जाऊन आले. १८७७ च्या दुष्काळांत उपाशी माणसें मुंबईंत लोटलीं व उलटून येणाऱ्या तापाची सांथ पसरली. रोग्यांच्या रक्तांत मळसूत्रासारखे जंतु त्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले, माकडांवर प्रयोग केले. त्या तापानें त्यांसही गांठलें. ते उठले आणि पुन्हां कामास लागले. कॉलेजाचे प्रिन्सिपॉलही झाले. १८८८ सालीं ते स्वदेशीं परतले. १८९७ सालीं क्षयानें स्कारबरो येथें वारले.